सर्व्हरवरील मेमरी-मर्यादा : आक्षेपांना सविस्तर उत्तर

नमस्कार.

लिनक्स सर्व्हरवर चालणाऱ्या सर्व्हिसना कर्नलकडून, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याकडून, 'सीग्रुप' या प्रोसेसचे गट करण्याच्या सोयीने मेमरीची मर्यादा घालून घ्यावी, असे मी मूळ लेखात सुचवले होते. त्यावर आपण घेतलेले आक्षेप थोडक्यात असे : सर्व्हरवर 20 जीबी मेमरी मोकळी असताना आपली जावा सर्व्हिस केवळ 4 जीबीच्या मर्यादेमुळे मारली गेली, म्हणजे ही मर्यादा संरक्षण नसून ओढवून घेतलेले संकट आहे, मर्यादा घालायचीच असेल तर पूर्वापार चालत आलेली 'युलिमिट' (एकेका प्रोसेसवर, म्हणजे चालू प्रोग्रामवर, मर्यादा घालणारी शेलची आज्ञा) पुरेशी आहे, स्वॅप (रॅममधला डेटा तात्पुरता ठेवण्यासाठी डिस्कवर राखलेली जागा) बंद ठेवला की सर्व्हर धापा टाकण्याचा प्रश्नच उरत नाही, आणि कर्नल स्वतः प्रोग्रामपायी जी मेमरी खर्च करतो, तिच्यावर वेगळी मर्यादा घालण्याची सोय मी लेखात सांगितलीच नाही. पहिल्या मुद्द्यात बरेच तथ्य आहे. मात्र त्यावरून आपण काढलेला निष्कर्ष मला पटत नाही, म्हणून हे लांबलेले उत्तर.

युलिमिटपासून सुरुवात करतो, कारण तिच्याविषयीचा गैरसमज पुढच्या साऱ्या चर्चेला चिकटून राहतो. 'युलिमिट -व्ही' ही मर्यादा प्रोसेसच्या ॲड्रेस स्पेसवर, म्हणजे तिला दिलेल्या पत्त्यांच्या विस्तारावर असते, प्रत्यक्ष रॅमवर नसते. प्रोग्रामने मागितलेली मेमरी लिनक्स लगेच देत नाही. तो पत्त्यांची नोंद करून होकार कळवतो आणि प्रोग्राम त्या जागी पहिल्यांदा काही लिहील तेव्हाच बहुधा 4 केबीचे एकेक पान खरोखर हवाली करतो. आजचे रनटाइम, म्हणजे प्रोग्राम चालवणाऱ्या यंत्रणा, या सवलतीचा सढळ हाताने उपयोग करतात. जावाचे व्हर्च्युअल मशीन कमाल हीपसाठी (प्रोग्रामचा डेटा ठेवण्याच्या जागेसाठी) लागणारा पत्त्यांचा सलग पट्टा आरंभीच राखून ठेवते, त्यामुळे 600 एमबी रॅम वापरणाऱ्या प्रोसेसची ॲड्रेस स्पेस अनेक जीबी दिसणे अगदी नेहमीचे आहे. अशा प्रोसेसला युलिमिट लावायची तर आकडा इतका मोठा ठेवावा लागतो की त्याला मर्यादा म्हणण्यात अर्थ राहत नाही. प्रत्यक्ष रॅमवर मर्यादा घालणारा 'युलिमिट -एम' हा पर्याय शेलमध्ये आजही दिसतो खरा, पण 2.4.30 या आवृत्तीपासून कर्नल त्याची दखलच घेत नाही : आकडा मुकाट्याने स्वीकारला जातो आणि परिणाम शून्य. शिवाय युलिमिट एकेका प्रोसेसपुरती असते. 2 जीबीची मर्यादा असलेल्या मुख्य प्रोसेसने 40 वर्कर (हाताखालच्या प्रोसेस) निर्माण केले तर त्यातल्या प्रत्येकाला स्वतंत्र 2 जीबी मिळतात, आणि कागदावर 2 जीबीत बसणारी सर्व्हिस 80 जीबीपर्यंत जाऊ शकते. युलिमिटचा एक गुण मात्र मान्य करायला हवा. मर्यादा ओलांडू पाहणाऱ्या प्रोग्रामला तिथे नकार मिळतो आणि तो नकार पचवण्याची तजवीज प्रोग्राममध्ये केलेली असेल तर तो जिवंत राहतो. सीग्रुपमध्ये बहुतेक वेळा असा नकार मिळत नाही, थेट मृत्यू येतो.

तरीही मी सीग्रुपच सुचवतो, कारण तिथे हिशेब प्रोसेसचा नसून गटाचा असतो. गूगलमधल्या अभियंत्यांनी 2006 मध्ये सुरू केलेले हे काम जानेवारी 2008 मध्ये 2.6.24 या कर्नलमध्ये आले, मेमरीचा नियंत्रक त्याच वर्षी 2.6.25 मध्ये आला, आणि 2016 मधल्या 4.5 पासून दुसरी आवृत्ती अधिकृत झाली. माझे सारे विवेचन या दुसऱ्या आवृत्तीबद्दल आहे.

आता मूळ मतभेदाकडे येतो. मर्यादा नसती तर आपली सर्व्हिस मेली नसती, असे आपले म्हणणे आहे. त्या विशिष्ट वेळी ते खरे ठरले असते. पण मेमरी गळणारी (वापरून झालेली मेमरी परत न करणारी) सर्व्हिस आज 4 जीबीवर थांबली नाही तर पुढे केव्हातरी सगळी रॅम संपवते, आणि तेव्हा कोणाला मारायचे हे कर्नल ठरवतो. त्याचा ओओएम किलर, म्हणजे मेमरी संपल्यावर प्रोसेस मारणारी यंत्रणा, दोषी शोधत नाही. प्रत्येक प्रोसेसने व्यापलेली रॅम, तिचा स्वॅप आणि तिची पेज टेबले (कोणता पत्ता रॅममध्ये कुठे आहे याच्या नोंदी) यांची बेरीज करून, त्यात आपण दिलेला -1000 ते 1000 दरम्यानचा अधिभार मिळवून, ज्या प्रोसेसचा गुणांक सर्वांत जास्त तिला तो मारतो. सर्व्हरवर सर्वांत मोठी प्रोसेस बहुधा डेटाबेसची असते. मेमरी गळत असते 40 लहान वर्करमधून, त्यातला एकेक जण आकाराने किरकोळ असतो, आणि बळी जातो डेटाबेसचा. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या बाबतीत तर एका जोडणीची प्रोसेस जरी अशी मारली गेली, तरी सामायिक मेमरी बिघडली असण्याची शक्यता गृहीत धरून मुख्य प्रोसेस बाकीच्या सगळ्या जोडण्या तोडते आणि नव्याने उभी राहते. सीग्रुपची मर्यादा ओलांडली गेली तर बळी त्याच गटातून निवडला जातो. या मर्यादेने रॅमची बचत होत नाही, तसा तिचा हेतूही नाही; नुकसान कोणाच्या अंगणात व्हावे हे आधी ठरवून ठेवणे एवढेच तिचे काम.

स्वॅप बंद असला की सर्व्हर धापा टाकत नाही, हा समज फार पसरलेला आहे. स्वॅप नसताना कर्नलला प्रोग्रामचा डेटा बाहेर काढता येत नाही, पण फाइलवरून आलेली पाने टाकून देता येतात, आणि चालू प्रोग्रामचा कोड हाही फाइलवरूनच आलेला असतो. रॅम संपत आली की कर्नल तीच पाने टाकतो, पुढच्या क्षणी प्रोसेसरला ती हवी असतात म्हणून डिस्कवरून पुन्हा आणतो, आणि पुन्हा टाकतो. या खेपांमुळे थोडी थोडी मेमरी मोकळी होत राहते, म्हणून ओओएम किलर लवकर जागा होत नाही, आणि दरम्यान दूरस्थ लॉगिनही होऊ शकत नाही. गटाची मर्यादा असेल तर ही कोंडी मुख्यतः त्या गटापुरती राहते. मी स्वतः थोडा स्वॅप ठेवून त्यावर गटवार मर्यादा घालणे पसंत करतो.

कर्नलने खर्च केलेल्या मेमरीचा मुद्दा आपण काढलात याचा आनंद वाटला, कारण त्याची चर्चा क्वचित होते. सीग्रुपच्या पहिल्या आवृत्तीत कर्नल-मेमरीसाठी वेगळी फाइल होती आणि तिच्यात वेगळा आकडा लिहिता येत असे. 5.4 पासून ती सोय कालबाह्य ठरवण्यात आली आणि दुसऱ्या आवृत्तीत ती मुळात दिलेलीच नाही. तिथे प्रोग्रामची पाने आणि त्याच्यापायी कर्नलने केलेला खर्च 'मेमरी.मॅक्स' या गटाच्या एकाच कमाल मर्यादेत धरला जातो. मला हा निर्णय योग्य वाटतो. सर्व्हर चालवणाऱ्याने वेगळा आकडा काढायचा तरी कशावरून? प्रोग्रामने किती फाइलींची नावे चाळली, किती सॉकेट उघडले, किती थ्रेड निर्माण केले यावर हा खर्च ठरतो, आणि कर्नलची आवृत्ती बदलली की तोही बदलतो. वेगळी मर्यादा संपली की भलत्याच ठिकाणी, उदाहरणार्थ फाइल उघडताना, 'मेमरी नाही' असे उत्तर येई, आणि एकूण मेमरी तर भरपूर दिसे.

वेगळा आकडा नको म्हणून हा खर्च दुर्लक्षून मात्र चालत नाही. एक हिशेब करून पाहू. 64 बिटच्या सर्व्हरवर 4 केबीच्या प्रत्येक पानासाठी पेज टेबलात 8 बाइटची नोंद लागते. डेटाबेसची सामायिक मेमरी 8 जीबी असेल तर ती सर्व वापरणाऱ्या एका प्रोसेसच्या पेज टेबलाला सुमारे 16 एमबी लागतात. ही टेबले प्रत्येक प्रोसेसची स्वतंत्र असतात. 200 जोडण्यांच्या 200 प्रोसेस दीर्घकाळ चालून साऱ्या सामायिक मेमरीला हात लावून आल्या, तर नुसत्या पेज टेबलांचा खर्च 3.2 जीबी होतो. हा आकडा डेटाबेसच्या कोणत्याही सेटिंगमध्ये दिसत नाही आणि गटाच्या मर्यादेत मात्र पुरेपूर मोजला जातो. यावर उपाय मर्यादा वाढवण्याचा नसून 2 एमबीची मोठी पाने वापरण्याचा आहे. नोंदींची संख्या त्यामुळे 512 पटींनी कमी होते. थ्रेडचा खर्च त्या मानाने किरकोळ : एक्स86च्या 64 बिट कर्नलमध्ये प्रत्येकी 16 केबीचा कर्नल स्टॅक, म्हणजे हजार थ्रेडना 16 एमबी.

आता आपली जावा सर्व्हिस. आपण दिलेल्या माहितीनुसार हीपची कमाल मर्यादा 4 जीबी आणि सीग्रुपची मर्यादाही 4 जीबी होती. ही जोडी टिकणे शक्यच नव्हते. हीप हा जावा प्रोसेसचा एक भाग झाला. क्लासची माहिती ठेवणारा मेटास्पेस, थ्रेडचे स्टॅक, संकलित कोडची जागा, हीपबाहेरचे बफर आणि कचरा गोळा करणाऱ्या यंत्रणेच्या स्वतःच्या नोंदी हे सारे त्याबाहेर असते. हीप भरत 3.5 जीबीच्या आसपास पोहोचते, रनटाइमला वाटते की अजून जागा आहे, आणि त्याआधीच कर्नलच्या हिशेबात 4 जीबी भरलेले असतात. प्रोसेसला सिगकिल, म्हणजे टाळता न येणारा मरणाचा संकेत (क्रमांक 9), येतो, म्हणून ना हीप डंप (हीपची जतन केलेली प्रत) मिळतो ना जावाची त्रुटी; उरतो फक्त 137 हा एक्झिट कोड, म्हणजे 128 अधिक 9. आतली मर्यादा बाहेरच्या मर्यादेपेक्षा पुरेशी कमी असली पाहिजे, म्हणजे आधी रनटाइमला कळेल आणि तो कचरा गोळा करील किंवा निदान नीट तक्रार नोंदवून मरेल. 4 जीबीच्या गटात मी सुरुवातीला हीपला 2.5 ते 3 जीबी देऊन निरीक्षण करीन. गो भाषेत 1.19 पासून अशी आतली मर्यादा एका एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलने देता येते.

निरीक्षण कशाचे करायचे हेही सांगायला हवे, कारण गटाचा चालू वापर दाखवणारा 'मेमरी.करंट'चा आकडा फसवा असतो. गटाने वाचलेल्या फाइलींचा पेज कॅशेही (रॅममध्ये ठेवलेली त्यांची प्रतही) त्यात मोजला जातो, त्यामुळे भरपूर फाइली वाचणारी सर्व्हिस नेहमीच मर्यादेला टेकलेली दिसते आणि तिला काहीही झालेले नसते. पाहायचे ते 'मेमरी.स्टॅट'मधले 'ॲनॉन' (प्रोग्रामचा स्वतःचा, फाइलवरून न आलेला डेटा) आणि परत न मिळणारी कर्नल-मेमरी. बॅकअपसह कामाचे एक पूर्ण चक्र मर्यादेविना जाऊ द्यावे आणि या दोहोंच्या कमाल बेरजेवर सुमारे निम्म्याची भर घालावी, अशी माझी पद्धत आहे. तिला शास्त्राधार नाही, अनुभवाचा आहे. मर्यादा लागू केल्यावर 'मेमरी.इव्हेंट्स'मधला 'मॅक्स'चा आकडा (गट मर्यादेला किती वेळा टेकला तो) आणि 4.20 पासून उपलब्ध असलेले मेमरी-दाबाचे आकडे वाढताना दिसले, तर मृत्यूच्या बऱ्याच आधी सूचना मिळते.

मोकळ्या 20 जीबींबद्दल आपली तक्रार रास्त आहे. प्रत्येक सर्व्हिसला घट्ट कप्पा करून दिला तर एकीकडे जागा पडून राहते आणि दुसरीकडे प्रोसेस मरतात. सीग्रुपची रचना वृक्षासारखी आहे, याचा तिथे फायदा घ्यावा : दुय्यम कामे एका स्लाइसखाली (वरच्या गटाखाली) आणून मर्यादा त्या स्लाइसला द्यावी, आतल्या कामांनी आपापसात जागा वाटून घ्यावी, आणि ज्या सर्व्हिसवर सर्व काही अवलंबून आहे तिला मर्यादा न घालता 'मेमरी.लो'चे (तेवढी मेमरी शक्यतो परत न घेण्याचे) संरक्षण द्यावे. डेटाबेसला 'मेमरी.मॅक्स' लावण्याचा आग्रह मी धरणार नाही. 'मेमरी.हाय' हा सौम्य पर्याय म्हणून अनेक जण सुचवतात, पण त्याबाबत मी सावध आहे. तो कधीच मारत नाही, केवळ गती रोखतो. स्वॅप नसेल आणि सगळी मेमरी प्रोग्रामच्या डेटाची असेल तर परत मिळवण्यासारखे काहीच नसते, सर्व्हिस जवळजवळ गोठते, आणि ती मेलेली नसल्यामुळे सर्व्हिस सुरू-बंद करणारा सिस्टमडी तिला पुन्हा सुरू करत नाही. बाहेरून लक्ष ठेवणारी यंत्रणा असेल तरच तो वापरावा.

एक तपासणी आपल्याकडून व्हावी अशी विनंती आहे. कर्नलच्या लॉगमध्ये मृत्यूची नोंद 'मेमरी सीग्रुप आउट ऑफ मेमरी' या शब्दांनी सुरू होत असेल तर ती गटाच्या मर्यादेमुळे झालेली आहे आणि वर सांगितलेला हीपचा बदल करून पाहावा. ती नुसत्या 'आउट ऑफ मेमरी' या शब्दांनी सुरू होत असेल, तर त्या क्षणी 20 जीबी मोकळे होते हे गृहीतकच तपासावे लागेल, कारण मग रॅम संपूर्ण सर्व्हरची संपली होती. त्या नोंदीआधीच्या काही ओळींत तेव्हा चालू असलेल्या प्रोसेसची यादी असते. तीही पाठवलीत तर पुढचे बोलणे नेमकेपणाने करता येईल.