रायगडाला म्हणे एकच दरवाजा!

‘रायगडाला एकच दरवाजा. तो मिटला की खालून वर येईल तो वारा आणि वरून खाली जाईल ते पाणी. म्हणून गड शत्रूला कधीच घेता आला नाही. पुरावा, हिरकणी!’ राज्याभिषेक दिन जवळ आला की भगव्या चौकटीतला हा मजकूर फिरू लागतो. छाती फुगते, कबूल. पण यातलं एकेक वाक्य तपासू.

आधी तो ‘एकच दरवाजा’. किल्ले राखणाऱ्यांना यात कौतुक वाटत नव्हतं. शिवाजी महाराजांच्या काळापासूनचे कारभारी रामचंद्रपंत अमात्य यांचं आज्ञापत्र, म्हणजे राज्य कसं चालवावं हे सांगणारा ग्रंथ, सांगतं की गडाला एकच दरवाजा असणं हा थोर ऐब, म्हणजे मोठा दोष आहे. गड पाहून दोन-तीन दरवाजे आणि चोरदिंड्या, म्हणजे छुपे छोटे दरवाजे, करावेत, रोजच्या ये-जा करण्याला लागतील तेवढ्या ठेवून बाकीच्या चिणून टाकाव्यात. म्हणजे ज्याला पंत खोट म्हणतात तेच आपण अभिमानानं पुढे पाठवतोय! रायगडावरही कुशावर्त तलावाकडून घळीत उतरलं की वाघ दरवाजा लागतो. आजही गिर्यारोहक तिथून दोर लावूनच उतरतात. १६८९ मध्ये मोगलांचा वेढा पडला, तेव्हा राजाराम महाराज याच वाटेनं निसटले असं मानलं जातं. ते निसटले म्हणून पुढे दक्षिणेतल्या जिंजी किल्ल्यावरून लढा चालू राहिला.

‘कधीच घेता आला नाही’ हे तर सरळ चूक. त्याच वर्षी गड मोगलांच्या हाती गेला, येसूबाई आणि लहानगे शाहू कैद झाले. मराठ्यांकडे तो परत आला १७३३ मध्ये. मे १८१८ मध्ये कर्नल प्रॉथरच्या तोफांनी समोरच्या डोंगरावरून मारा केला, वरचे वाडे पेटले आणि गड इंग्रजांना मिळाला.

गंमत म्हणजे दोन्ही वेळा महादरवाजा फोडून कुणी आत शिरलं नाही. फोडणार तरी कसा? दोन अजस्र बुरुजांच्या कुशीत तो असा लपवलाय की अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. चढून दमलेला माणूस वळणावर येतो तो थेट वरच्या जंग्यांच्या, म्हणजे तटातल्या मारा करायच्या भोकांच्या, टप्प्यात. धडक द्यायला हत्तीला सरळ धाव मिळत नाही. म्हणून पहिल्यांदा गड गेला तो वाटाघाटींनी आणि दुसऱ्यांदा तोफगोळे दरवाजाच्या डोक्यावरून आले.

राहिली हिरकणी, दरवाजे मिटल्यावर तान्ह्या बाळासाठी कडा उतरून गेलेली गवळण. तिच्या वाटेवर महाराजांनी बुरूज बांधला म्हणतात. बुरूज खरा आहे, तिथं उभं राहिलं की पोटात गोळा येतो. पण सभासदाच्या बखरीत, म्हणजे महाराजांच्या जुन्या चरित्रात, तिचं नाव नाही. ही लोककथा आहे, आणि सुंदर आहे. तिला पुरावा करायची गरज काय? बरं, तिची जोडकथा या मजकुरात कधीच नसते. महाराजांनी पैज लावली, दरवाजाची वाट सोडून जो वर येऊन निशाण लावील त्याला होनांची थैली आणि सोन्याचं कडं. एक महार गडी चढून आला, बक्षीस घेऊन गेला आणि महाराजांनी त्याची वाट बंद करून घेतली. एक कथा उतरण्याची, दुसरी चढण्याची. दोन्हींत महाराज गडाची उणीव मान्य करतात आणि दुसऱ्याच दिवशी गवंडी बोलावतात.