‘मिसेस’ म्हणजे ‘मिस्टरची’ नव्हे

मंगळवार पेठेतील एका छापखान्यात नात्यातल्या लग्नाची पत्रिका तपासायला गेलो, तेव्हा इंग्रजी मजकुरातील प्रत्येक ‘मिसेस’ लाल शाईने खोडलेला दिसला. वधूच्या काकांनी कारण म्हणून मोबाइलवर फिरत आलेला संदेश दाखवला: ‘मिस्टरला एस जोडला की मिसेस, म्हणजे मिस्टरच्या मालकीची. इंग्रजांनी बाईला वस्तू मानले, आपण सौभाग्यवती म्हणून सन्मान दिला.’

पहिला मुद्दा व्युत्पत्तीचा. ‘मिसेस’ हे ‘मिस्ट्रेस’ या शब्दाचे संक्षिप्त रूप असून त्यातला एस हा त्या शब्दाचाच शेवटचा वर्ण आहे, षष्ठीचा प्रत्यय नव्हे. ‘मिस्टर’ही तसाच ‘मास्टर’वरून आलेला. म्हणजे नाते मालक-मालकीण यांच्यासारखे आहे. आपल्याकडे बायका नवऱ्याला ‘आमचे मालक’ म्हणतात, म्हणून काही ‘मालकीण’ या शब्दाचा अर्थ ‘मालकाची वस्तू’ असा कोणी लावत नाही.

दुसरे, हा शब्द मुळात विवाहितेचा नव्हताच. सॅम्युअल जॉन्सनच्या 1755 च्या कोशात ‘मिस्ट्रेस’ म्हणजे सत्ता चालवणारी स्त्री असा अर्थ दिलेला आहे. अठराव्या शतकापर्यंत प्रतिष्ठित किंवा स्वतःचा व्यवसाय सांभाळणाऱ्या स्त्रीला, ती अविवाहित असली तरी, मिसेस म्हणत. आणि मोठ्या घरांतल्या मुख्य स्वयंपाकिणीला व कारभारणीला तर त्यानंतरही बराच काळ, लग्न झालेले नसताना, हाच मान मिळत असे.

संदेशकर्त्याला खरी तक्रार करायचीच होती, तर ती वेगळ्या ठिकाणी सापडली असती. साधारण 1800 च्या सुमारास मिसेसपुढे पतीचेच संपूर्ण नाव लिहिण्याची रीत रुजली आणि पत्नीचे स्वतःचे नाव पुसले गेले. शिवाय इंग्लंडमध्ये विवाहितेला स्वतंत्रपणे मालमत्ता बाळगण्याचा पुरेसा हक्क 1882 च्या कायद्याने मिळाला. अन्याय होता, पण तो कायद्यात आणि रिवाजात होता, त्या एसमध्ये नव्हता.

उरला ‘सौ.’चा सन्मान, आणि इथे मला थोडे थांबावेसे वाटते. सौभाग्यवती हे संबोधन नवरा हयात असेपर्यंतच टिकते. तो गेला की ‘सौ.’ जाऊन ‘श्रीमती’ येते, जुन्या पत्रिकांत ‘गं. भा.’ म्हणजे ‘गंगा भागीरथी’ येत असे. आपल्याच कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामसभेला मे 2022 मध्ये कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव करावा लागला, तो कोणत्या ‘सन्माना’मुळे, हे काकांना ठाऊक आहे. इंग्रजीतली मिसेस मात्र पतीच्या मृत्यूनंतरही मिसेसच राहते.

त्या पत्रिकेत वधूच्या आजीचे नाव होते. मराठी मजकुरात सुनेला ‘सौ.’ आणि आजींना ‘श्रीमती’ असे वेगळे केले होते. इंग्रजी मजकुरात दोघींच्याही नावामागे ‘मिसेस’ होते, ते काकांनी खोडेपर्यंत.