तीन प्रसाद आणि एक पासपोर्ट

काल लेकीच्या अमेरिकन पासपोर्टचा अर्ज द्यायला इथल्या पोस्टात गेलो आणि हात हलवत परत आलो. तीन आठवडे आधी घेतलेली अपॉइंटमेंट, लेकीची बुडवलेली शाळा, माझी अर्धी रजा, आणि खिडकीतल्या बाईंनी सहा मिनिटांत आमची बोळवण केली. अजून डोकं ठणकतंय.

गेल्या महिन्यात मी अमेरिकन झालो. उजवा हात वर करून परकीय राजे नि संस्थानिक यांच्यावरची निष्ठा सोडली. मी मूळचा मिरजेचा. आमचे पटवर्धन सरकार १९४८ सालीच विलीन झालेले, त्यामुळे सोडण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. बरं, मी हात वर करून उभा असताना आमची १२ वर्षांची लेक शाळेत डॉजबॉल खेळत होती, आणि खेळता खेळता तीही अमेरिकन झाली. कायदाच तसा आहे. मूल १८ च्या आतलं, ग्रीन कार्डवालं, आणि नागरिक झालेल्या आईच्या किंवा बापाच्या ताब्यात अमेरिकेतच राहणारं असेल, तर त्या क्षणी तेही नागरिक. ना अर्ज, ना परीक्षा. हा नियम लागू झाला २७ फेब्रुवारी २००१ ला, म्हणजे ऐन मराठी भाषा गौरव दिनी. योगायोग म्हणायचा आणि गप्प बसायचं.

आता कपाटात तिचे दोन कागद आहेत, ग्रीन कार्ड आणि भारतीय पासपोर्ट. दोन्हींची मुदत शिल्लक, आणि दोन्ही प्रवासाला कुचकामी. अमेरिकन नागरिकाने या देशात शिरायचं ते अमेरिकन पासपोर्टवर. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही, म्हणून तिचा जुना पासपोर्ट परत करायचा. जुनाही निळा, नवाही निळा. तिकडे मिरजेत आईची पंच्याहत्तरी, तिकिटं काढलेली, आणि पोर अधांतरी.

तर, पोस्टाच्या रांगेत. मागून आवाज आला, "मराठी का?"

वळून पाहिलं. स्वेटर, कानटोपी, हातात खाकी पाकीट. बाहेर २४ अंश तापमान. काका.

"पासपोर्टचं काम? मुलीचं? शपथ झाली का तिची?"

"नाही काका, माझी झाली. तिला लागत नाही."

"कोण म्हणतं लागत नाही?" काकांनी पाकीट काखेत मारलं. "शपथेशिवाय नागरिक? लग्नाशिवाय सून? अहो, उद्या विमानतळावर विचारलं, शपथ कधी घेतली, तर काय सांगाल? डॉजबॉल?"

डॉजबॉलचं यांना कोणी सांगितलं? लेकीने. ती मराठी माणसाला दोन मिनिटांत सगळं सांगते.

"एन-६०० भरा," काका म्हणाले. "नागरिकत्वाचं सर्टिफिकेट मिळतं."

"त्याचे १,३०० डॉलरहून जास्त लागतात. पासपोर्ट १३५ मध्ये होतो, आणि पुरावा म्हणून तोही चालतो."

"स्वस्तात नागरिकत्व," काका मागच्या बाईंकडे पाहत उद्गारले. त्या बाई चिनी होत्या. त्यांनी मान हलवली.

मग काका लेकीकडे वळले. "बाळ, उजवा हात कर पुढे. सराव असलेला बरा." लेक दुसरीपर्यंत मिरजेच्या शाळेत होती. हात पुढे कर म्हटल्याबरोबर तिने तो सरळ ताणला आणि आपली पाठ्यपुस्तकातली प्रतिज्ञा खणखणीत आवाजात सुरू केली. अमेरिकन पासपोर्टच्या रांगेत, अमेरिकन झेंड्याखाली, "भारत माझा देश आहे." काकांनी टोपी काढली. मागच्या चिनी बाईंनी हातातली फाइल छातीशी धरली. मी जमिनीकडे पाहत राहिलो. तिला मध्येच थांबवणार कसं? प्रतिज्ञा मध्येच तोडायची नसते, हे माझ्याही हाडात भिनलेलं.

"पाठ आहे हो पोरीला," काका भरल्या गळ्याने म्हणाले. "आता काही अडचण नाही."

अडचण खिडकीत बसली होती. बाईंनी जन्मदाखला वाचला, माझं नागरिकत्वाचं सर्टिफिकेट वाचलं, परत दाखला वाचला.

"तुमचं नाव प्रसाद?"

"हो."

"मुलीचं मधलं नावही प्रसाद?"

"आमच्यात वडलांचं नाव लावतात."

"आणि आईचं मधलं नाव?"

"...प्रसाद."

बाईंनी चष्मा काढला. "घरात सगळेच प्रसाद?"

मागून काका मराठीत म्हणाले, "यालाच म्हणतात घरोघरी प्रसाद!" आणि स्वतःच हसले. मी हसलो नाही.

"आई कुठे आहे?"

आई हॉस्पिटलच्या ड्यूटीवर. तिने हाताने लिहून दिलेलं संमतीपत्र मी पुढे सरकवलं. बाईंनी ते दोन बोटांत धरून परत केलं. मूल १६ च्या आतलं असलं की दोघे पालक समोर हवेत, नाहीतर गैरहजर पालकाचा नोटरी केलेला फॉर्म हवा.

नियम योग्यच आहे, मुलं पळवली जाऊ नयेत म्हणून आहे. मी तो नीट वाचायला हवा होता, तेही कबूल. पण माझ्या एका शपथेने, लेकीला न विचारता, तिचं नागरिकत्व बदललं, तेव्हा आईची सही कुणालाच नको होती. बायको अजून भारतीय आहे. तिच्या सहीवाचून अडलं ते फक्त निळं पुस्तक.

आणि ते मिळालं तरी सुटका नाहीच. पुढे भारताचा व्हिसा, नाहीतर ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं 'ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया' कार्ड. नावात 'नागरिक' आहे म्हणून भुललेले माझ्या ओळखीत चार जण आहेत. त्या कार्डावर ना मत देता येतं, ना शेतजमीन विकत घेता येते. वारशाने मात्र मिळू शकते. म्हणजे आबांच्या मळ्यासाठी आता आबांच्या जाण्याचीच वाट पाहायची. हे मी घरी हसत हसत बोललो, तर बायकोने ताट सरकवलं आणि उठून गेली.

परत निघताना दारात काकांना विचारलं, इथे किती वर्षं आहात?

"मी? तीन आठवडे. लेकीच्या बाळंतपणाला आलोय." पाकीट दाखवत म्हणाले, "इचलकरंजीला मनीऑर्डर करायची होती. होत नाही म्हणे इथून."

नवी अपॉइंटमेंट पुढच्या गुरुवारची मिळाली आहे, दोन्ही पालकांसह. लेकीने हे काकांना सांगितलं असणारच, कारण गाडीत बसताना त्यांनी लांबून हात केला.

"गुरुवारी मी येतोच!"