चरा घालवा, रायफलीसकट

दहा-बारा हजारांची एअर रायफल आणली, खोकं उघडलं आणि दस्त्याला, म्हणजे खांद्याला टेकवायच्या लाकडी भागाला, अर्ध्या इंचाचा चरा दिसला. आता छर्रे, निशाणाचं कार्ड, दहा मीटरचं अंतर वगैरे बाजूला ठेवा. तुमचा खरा खेळ आत्ता सुरू झालाय. मोबाइलचा टॉर्च लावा आणि रायफल तिरकी धरून शोधत राहा. एका चऱ्यावर समाधान मानणारा माणूस कच्चा. नळीवर लेथचे वळ दिसतील, ब्ल्यूइंगमध्ये, म्हणजे पोलादावरच्या निळसर-काळ्या थरात, तपकिरी ढग दिसेल, ट्रिगर गार्डच्या प्लॅस्टिकला साच्याची शिवण दिसेल. शेजारी स्पर्धेत वापरतात तसल्या, लाखांतल्या जर्मन मॅच रायफलीचा फोटो ठेवा. तिचीही नळी ४.५ मिलिमीटरचीच, मग फिनिशिंग असं का, हे दुकानदाराला तीनदा फोन करून विचारा.

सल्ल्याला कोल्हापुरात तोटा नाही. २०१० मध्ये म्युनिकला नेमबाजीत जगज्जेती झालेली तेजस्विनी सावंत इथली, पिस्तूल नेमबाज राही सरनोबत इथली, २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्राँझ जिंकणारा स्वप्नील कुसाळे राधानगरी तालुक्यातला. त्यामुळे रंकाळ्यावर भेळ खाणारा प्रत्येक जण नेमबाजीतला जाणकार आहे. दुधाळीच्या रेंजवरच्या प्रशिक्षकाला तेवढं विचारू नका. तो आधी पाच छर्रे मारून कार्ड दाखवा म्हणेल, आणि कार्डावर चरा दिसत नाही.

सुरुवात दस्त्यापासून करू. पोचा आणि चरा यांत फरक करू नका. पोच्यात लाकडाचे तंतू फक्त दबलेले असतात. ओलं सुती फडकं ठेवून गरम इस्त्री पाच-सहा सेकंद टेकवली, की वाफेने ते फुगून वर येतात. चऱ्यात तंतू तुटलेले असतात, तिथे वाफेचा काही उपयोग नाही. शिवाय स्वस्त दस्त्यावर लॅकरचा जाड थर असतो. वाफ त्यातून आत जात नाही, थर मात्र पांढरा पडतो. म्हणून इस्त्री चऱ्यावरच फिरवा, आणि चांगली मिनिटभर.

पांढरा डाग पडला, की ८० नंबरचा पॉलिश पेपर घ्या. मिळत्या रंगाचं फर्निचरचं मेण चऱ्यात भरून फडक्याने पुसण्याचे पाच मिनिटांचे उद्योग भित्र्या लोकांचे. पेपर मारला की अर्ध्या इंचाच्या जागी तळहाताएवढा फिक्का पट्टा तयार होतो. तो मिळवून घ्यायला पूर्ण दस्ता घासावा लागतो, आणि लोखंड बसतं त्या कडा घासल्या गेल्या की तिथे पोस्टकार्ड जाईल एवढी फट पडते. मग उकळलेलं जवसाचं तेल चोपडा. पातळ हात देऊन पंधरा-वीस मिनिटांनी पुसून काढायचं, दुसरा हात दुसऱ्या दिवशी, हे सुताराला करू दे. तुम्ही एकदाच जाड थापा, तेही जुलैत. गणपतीपर्यंत गालाला चिकटेल. तेलाचे बोळे चुरगळून कोपऱ्यात टाकायला विसरू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि असा बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. पसरून वाळवला तर मजाच गेली.

ब्ल्यूइंगचा तपकिरी ढग घालवायला कोल्ड ब्ल्यूची, म्हणजे पोलादाला न तापवता काळा रंग चढवणाऱ्या औषधाची, बाटली मिळते. ॲसिटोनने तेलाचा अंश काढायचा, हातमोजे घालायचे, कापसाच्या बोळ्याने लावून मिनिटाच्या आत पाण्याने धुवायचं, कोरडं करून तेलाचा हात द्यायचा, एवढी कटकट कोण करतो? बोटाने लावा. बोटाचं तेल जिथे लागेल तिथे रंग धरत नाही, त्यामुळे एका ढगाचे चार होतात. बहुतेक बाटल्यांत सेलेनियमचं विषारी संयुग असतं, म्हणून त्याच हाताने वडापाव खायला हरकत नाही. आणि काळा दिसतो तो प्रत्येक भाग पोलादी आहे असं धरून चाला. स्वस्त रायफलीत कितीतरी भाग ॲल्युमिनियमचे किंवा नुसता रंग मारलेले असतात. त्यांवर हे औषध चढत नाही, रंग मात्र उतरवू शकतं.

एवढं करूनही लेथचे वळ राहिलेच, तर उद्यमनगर आहेच. ऑइल इंजिनाचे पार्ट चकाकवणारा बफिंगवाला दहा मिनिटांत नळी आरशासारखी करून देईल. बफच्या चाकाला अक्षरओळख नसल्याने सिरियल नंबरही जाईल आणि त्याच्या पाठोपाठ वॉरंटी.

धूर आणि जळका वास येतोय? कारखान्यातून नळीत राहिलेलं जादा तेल सुरुवातीच्या छर्ऱ्यांबरोबर जळतं आणि आपोआप थांबतं. थांबू देऊ नका. पिस्टनपुढच्या भोकात खोबरेल तेलाचे तीन थेंब सोडा. स्प्रिंग सुटली की हवा एका झटक्यात दाबली जाऊन एवढी तापते, की डिझेल इंजिनासारखा तेलाचा भडका उडतो. मोठा बार होतो, गल्लीत वट वाढते, "नाद खुळा" असे उद्गार निघतात. सील जळतं, स्प्रिंगवर ताण येतो, प्रत्येक छर्ऱ्याचा वेग वेगळा पडतो. तेवढं चालायचंच.

दिसत नाहीत त्या दोषांकडे मात्र ढुंकूनही बघू नका. स्प्रिंगच्या धक्क्याने दस्त्याचे स्क्रू ढिले होतात, पुढचे दोन आणि ट्रिगर गार्डचा एक. शे-दोनशे छर्ऱ्यांनंतर ते पेचकसने बेताने आवळले आणि आट्यांना निळ्या थ्रेडलॉकरचा, म्हणजे स्क्रू ढिला होऊ न देणाऱ्या गोंदाचा, एक थेंब लावला, की कार्डभर हिंडणारे छर्रे पुन्हा एका जागी यायला लागतात. नळीचं तोंड हा त्याहून मोठा धोका. रायफल रिकामी आहे याची खात्री करून कानाची कापूसकाडी तोंडाच्या आतल्या कडेवरून फिरवायची. कापसाचा तंतू अडकला, तर तिथे मशिनिंगचा काटा राहिलाय. बाहेर पडणाऱ्या छर्ऱ्याला तिथली हवा एका बाजूने ढकलते. रायफल परत करायला हे एकच कारण पुरेसं आहे. पण तो काटा टॉर्चला सहज दिसत नाही आणि फोटोत तर मुळीच नाही, मग तक्रार करून काय उपयोग?

तसंच, छर्रा भरायला खाली दुमडलेली नळी हाताने न धरताच तो भरावा, आणि पाव्हण्यांपैकी कुणाला तरी तेवढ्यात ट्रिगर दाबून बघू द्यावा. नळी फाटकन मिटते. त्यानंतर नळीच वाकडी झालेली असल्यामुळे दस्त्यावरच्या चऱ्याचं कुणी नाव काढत नाही, बोटांची विचारपूस करतात.

राहता राहिली खंडेनवमी. हळदी-कुंकू पाण्यात कालवून नळीला पाच बोटं ओढा, हार घाला आणि दसऱ्याच्या सोन्याबरोबर दोन दिवस देव्हाऱ्यापुढे ठेवा. कोरड्या कुंकवाचं बोट दस्त्याला टेकवून, संध्याकाळी पुसून नळीला तेलाचा हात देणारे लोकही आहेत, पण त्यांची रायफल फोटोत उठून दिसत नाही. तुमच्या नळीवर तिसऱ्या दिवशी गंजाचे पाच पट्टे उठलेले असतील. विकायला काढाल तेव्हा 'दसरा स्पेशल' म्हणून हजार रुपये वाढवून सांगा. दस्त्याला ओरखडा आहे का, असं गिऱ्हाईक विचारेलच. नाही म्हणून सांगा, ते खरंच असेल.