एसी बंद कर, ट्रक ओलांडायचाय

"दाजी, हा डबा घेऊन हायवेला येत जाऊ नका हो." दर दिवाळीला सासुरवाडीच्या दारात उतरलो की मेहुण्याचं हे ठरलेलं स्वागत. पाणी नंतर.

डबा म्हणजे माझी आठशे सीसीची गाडी. तीन सिलिंडर, ताकद पन्नास बीएचपीच्या आत. खोपोली सुटून घाट लागला की चार माणसं आणि फराळाच्या पिशव्या घेऊन ती धापा टाकते, कबूल! दुसरा गियर, अॅक्सिलरेटर खालपर्यंत दाबलेला, आणि शेजारी बायकोचं बोट एसीच्या बटणावर. एसी इंजिनाची ताकद खातो, म्हणून ट्रक ओलांडायचा असला की मी नुसतं "हं" म्हणतो, ती एसी बंद करते. मागे पोरं घामाने निथळतात, पण आता तीही सरावलीत.

पण ओलांडायचं कुठून, ते सांगा ना! मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर डावी लेन अवजड गाड्यांची, मधली कारची, उजवी ओव्हरटेकसाठी. हे पाटीवर. घाटात डावीकडे सळया भरलेला ट्रेलर वीसने, आणि मधल्या लेनमध्ये त्याला मागे टाकायला निघालेला त्याचा भाऊ बावीसने. यांची शर्यत संपेपर्यंत पुढची दिवाळी येईल. मग इंडिकेटर देऊन मी उजवीकडे येतो, की आलीच मागून एसयूव्ही. डिपर, डिपर, हॉर्न, परत डिपर. अरे, मी काय उडू? टोल तुला जेवढा, मलाही तेवढाच! गाडी छोटी म्हणून मला खालापूरला कुणी सवलत देत नाही.

पत्रा पातळ आहे हे मला शिकवू नका. 2014 साली गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने आपल्याकडच्या पाच छोट्या गाड्या ताशी 64 किलोमीटरने आदळून पाहिल्या, पाचही शून्य स्टार. म्हणूनच सपाटीला 100ची मर्यादा असली तरी मी 80च्या पुढे जात नाही. शेजारून लक्झरी बस सुसाट गेली की गाडी वीतभर हलते, तेव्हा स्टिअरिंग दोन्ही हातांनी आवळून धरतो. एवढं सांभाळूनही मागचा दोन हातांवर चिकटून येणार असेल, तर मी ब्रेक लावायचा कसा? डिकीला टेकून माझी पोरं बसलीत रे!

आणि यावर अक्कल कोण शिकवतंय? मेहुणा! त्याची नवी गाडी पाच स्टारची, सहा एअरबॅगची. परवा पान आणायला तिच्यात बसलो. बेल्ट लावायला गेलो तर बकलमध्ये आधीच काहीतरी अडकवलेलं. बीप वाजू नये म्हणून मिळते ना, ती नुसती क्लिप. दोन्ही सीटना.

"काढा ती," म्हटलं, तर म्हणतो, "राहू द्या दाजी, उगाच टुणटुण करतं."