शुगरची गोळी बंद करायला सांगणारा हा शहाणा कोण?

मावशी अशोक चौकाच्या मागे राहते, जन्मभर विड्या वळतेय. गेल्या पंधरवड्यात टीबी निघाला. परवा गेलो तर सुपात पानांच्या खाली शुगरच्या गोळ्यांची पट्टी, पाच दिवस हात न लावलेली. विचारलं तर तिनं मोबाईलच पुढे केला. मेसेज असा: ‘टीबीच्या गोळ्यांनीच शुगर होते, म्हणून तोवर शुगरची गोळी बंद ठेवा. एचआयव्हीची टेस्ट करू देऊ नका, घराची अब्रू जाते. हा सगळा टेस्टचा धंदा आहे.’ खाली हात जोडलेले आणि ‘२० जणांना पाठवा’.

गोळी बंद ठेवा म्हणे! मावशीला शुगर सहा वर्षांपासून आहे, टीबी आत्ताचा. आधी काय, नंतर काय, एवढं तरी बघा. ‘पीएलओएस मेडिसिन’ या वैद्यकीय नियतकालिकात २००८ साली १३ अभ्यास एकत्र करून पाहिले होते: मधुमेह असणाऱ्याला टीबी होण्याचा धोका सुमारे तिप्पट. शुगर वाढलेली राहिली की अंगाची झुंजायची ताकद कमी पडते, औषधाचा गुणही उशिरा येतो.

आता त्या मेसेजात अर्धं खरं आहे, तेही सांगतो. टीबीच्या तापात शुगर तात्पुरती चढते. शिवाय रिफॅम्पिसिन (टीबीचं, लघवी नारिंगी करणारं तेच औषध) शुगरच्या बऱ्याच गोळ्यांचा असर कमी करतं. म्हणजे आकडा वाढतो, खरं. पण मग डॉक्टर डोस वाढवतील, गोळी बदलतील, नाहीतर इन्सुलिन देतील. सुपात लपवून काय होणार?

एचआयव्हीचं म्हणाल तर टीबी निघालेल्या प्रत्येकाला ही टेस्ट सुचवतात, चालचलन बघून नाही. २०१७ च्या कायद्यानं संमतीशिवाय करता येत नाही आणि रिपोर्ट चव्हाट्यावर आणायला मनाई आहे. निघालाच, तर एआरटी (एचआयव्ही दाबून ठेवणारी औषधं) लवकर सुरू होते, माणूस वाचतो. अब्रूची काळजी मेसेजवाल्याला का, कळत नाही.

धंदा? सरकारी दवाखान्यात शुगरची आणि एचआयव्हीची, दोन्ही टेस्ट फुकट. उलट टीबीच्या रुग्णांसाठीच्या सरकारी निक्षय पोषण योजनेत उपचार चालू असेपर्यंत महिन्याला १००० रुपये मिळतात, नोव्हेंबर २०२४ च्या आधी ५०० होते.

मावशीनं रात्री जेवणाआधी गोळी घेतली, तोंड वाकडं करून. योजनेसाठी बँकेचं पासबुक हवंय, ते काही सापडेना.