बेचिराख गावाला पान, चौसोपी वाड्याला ‘पानकाढा’

मराठी विकिपीडियावरची गावांची पानं उघडून बघा. एक वाचलं की शंभर वाचल्यासारखी. अमुक हे तमुक तालुक्यातलं एक गाव, क्षेत्रफळ इतके हेक्टर, २०११ च्या जनगणनेनुसार इतकी कुटुंबं, सहा आकडी स्थान कोड. पावसाळ्यात पाऊस पडतो, उन्हाळ्यात उकडतं. वा, काय शोध लावलाय! खाली सुविधांची जंत्री: जवळची बँक ५ ते १० किलोमीटरवर, जनावरांचा दवाखाना १० किलोमीटरच्या पुढे. हे अंतर पान लिहिणाऱ्यानं मोजलेलं नाही. जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकेत गावात सुविधा नसेल तर नुसतं अक्षर असतं: पाचच्या आत ‘ए’, पाच ते दहा ‘बी’, पुढे ‘सी’. त्या अक्षरांची वाक्यं करून डकवली की झालं पान. गावात नंतर बँक आली तरी विकिपीडियावर ती आजही ५ ते १० किलोमीटरवरच.

आणि सांगकाम्याला, म्हणजे आपोआप पानं बनवणाऱ्या प्रोग्रॅमला, हातात यादी दिली की तो बेचिराख गावही सोडत नाही. जनगणनेच्या यादीत महाराष्ट्रातली अडीच हजारांवर गावं वस्ती नसलेली आहेत, महसुली नोंद तेवढी उरलेली. त्यांनाही ‘लोकजीवन’ असा मथळा! लोकच नाहीत, जीवन कुणाचं? याउलट हजार माणसांची वाडी किंवा तांडा महसुली गाव नाही म्हणून यादीत नाही, म्हणून पानही नाही. वर नावांचा घोळ. वडगाव, पिंपळगाव, नांदगाव जिल्ह्याजिल्ह्यात. शीर्षकात तालुका घातला नाही की एकाचं मंदिर दुसऱ्याच्या पानावर जाऊन बसतं.

हे फक्त आपलंच नाही. इराणच्या जनगणनेत ‘आबादी’ म्हणून विहीर, पंप, एखादं शेतसुद्धा नोंदलं जातं. त्यावरून इंग्रजी विकिपीडियावर हजारो ‘गावं’ उभी राहिली आणि मग ती उपसताना लोकांचा घाम निघाला. आपण त्यातून काय शिकलो? शून्य.

आता दुसरी बाजू बघा. दोन चौकांचा, सुरूदार खांबांचा, दिंडी दरवाजा शाबूत असलेला वाडा. महापालिकेच्या वारसा यादीत नाव आहे, आणि तरी त्याच्या पानावर ‘पानकाढा’ साचा, म्हणजे पान काढून टाका अशी पाटी: ‘उल्लेखनीयता सिद्ध होत नाही’, म्हणजे स्वतंत्र पान असण्याइतका विषय नाही. का? तर इंग्रजी विकिपीडियाच्या उल्लेखनीयतेच्या नियमात ‘राष्ट्रीय पातळीवरचा वारसा दर्जा’ असं लिहिलंय. मुंबईतल्या वारसा वास्तूंची श्रेणी १, २अ, २ब, ३ ही १९९५ मध्ये विकास नियंत्रण नियमांत आलेली, म्हणजे शहरापुरती. राज्य संरक्षित स्मारक १९६० च्या कायद्याखालचं, म्हणजे राज्यापुरतं. इंग्लंडमध्ये यादीच राष्ट्रीय, त्यामुळे तिथले दोन हजारांवर लाल टेलिफोन बूथ कागदोपत्री या अटीत बसतात. बूथ चालतो, वाडा चालत नाही!

बरं, आपल्या राष्ट्रीय यादीचं तरी काय? २०१३ मध्ये कॅगच्या, म्हणजे देशाच्या महालेखापरीक्षकांच्या, तपासणीत केंद्र संरक्षित ९२ स्मारकं जागेवर सापडलीच नाहीत. २०२४ मध्ये १८ यादीतून वगळायचं ठरलं, त्यात हरियाणातल्या मुजेसरचा कोस मिनार, म्हणजे जुन्या रस्त्यावरचा अंतर दाखवणारा मनोरा, होता. म्हणजे जे उभं नाही ते नियमानं पात्र, आणि जे डोळ्यांसमोर उभं आहे त्याला ‘बातमीचा दुवा द्या’. वाड्याची बातमी कधी येते? भिंत पडली की. आणि त्या बातमीतला इतिहासाचा परिच्छेद पुष्कळदा विकिपीडियावरूनच उचललेला. तोच पुन्हा संदर्भ म्हणून लावायचा? धन्य आहे.

‘उल्लेखनीय आहे असं गृहीत धरा’ याचा अर्थ ‘पान बनवाच’ असा होत नाही, हे त्याच नियमावलीत लिहिलेलं आहे. विषय पात्र असला तरी तो मोठ्या पानात सामावता येतो. तालुक्याचं एक पान करा. त्यात तक्ता: गाव, स्थान कोड, क्षेत्रफळ, लोकसंख्या, ग्रामपंचायत. गावाचं नाव शोधलं की वाचक थेट त्या ओळीवर जाईल असं पुनर्निर्देशन. जनगणना वगळून दुसऱ्या स्रोतातून चार धड वाक्यं मिळाली की त्या दिवशी स्वतंत्र पान करा, कोण अडवतंय? वाड्यालाही तीच फूटपट्टी लावा: बांधणारा, काळ, चौक किती, लाकूडकाम, सध्याचा वापर, प्रत्येकाला छापील आधार. वारसा यादीतली नुसती ओळ पुरेशी नाही, तसा आंतरजालावर दुवा नसणं हाही गुन्हा नाही. पुस्तकाचं नाव आणि पानक्रमांक दिला की तो संदर्भच असतो, त्यावर निळी रेघ नसली तरी.

आणि साचा ठोकण्याआधी जिल्ह्याचा गॅझेटियर उघडा. कॅम्पबेलनं संपादित केलेल्या इंग्रजी मालिकेत नाशिक १८८३ चा, पुणे १८८५ चा. शेवटी स्थळांचं प्रकरण असतं, वर्णक्रमानं लावलेलं, फक्त गावाचं जुनं रोमन स्पेलिंग धरून शोधावं लागतं. पाच मिनिटांचं काम. तेवढा वेळ नाही म्हणता, मग ‘पानकाढा’ लावायला बरा मिळतो?